खणातली फाईल

मशीनच्या कूलंटचा वास आला की कागल एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या, हजेरी-रजा बघणाऱ्या टाइम ऑफिसातला तो दिवस आठवतो. लग्न ठरवण्याआधी मुलीकडचे मुलाच्या कंपनीत चौकशीला येतात, तसे एक पाहुणे माझ्यासाठी आले होते. मशीन सोडून मी दारात पोचलो. क्लार्कसाहेबांच्या टेबलावर माझी फाईल होती, आणि तिच्यात टीबीच्या रजेचे कागद. “पोरगा आजारी-बिजारी न्हाय न्हवं?” पाहुण्यांनी विचारलं. साहेबांनी फाईल खणात टाकून कुलूप लावलं. “पावणं, च्या घ्या. पोरगं दारातच हाय, त्येलाच इचारा की.” तेलकट हात मागं धरून मी सगळं खरं सांगितलं. पाहुण्यांनी बशीतला चहा संपवला, मग म्हणाले, “औषधं पुरी केलीस न्हवं?” ते आता माझे सासरे आहेत, आणि साहेबांच्या खुर्चीत आता मी बसतो; त्या खणाची किल्ली माझ्याकडे आहे. चौकशीला कुणी आलं की मी आधी खण बंद करतो, मग चहा सांगतो.