बिनआवाजाचा फोटो

माझ्या कॅमेऱ्याचा आवाज कोरडा आहे. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, आधी एक टणक कट् आणि लगेच त्याच्या पोटातून दुसरा, जरा जाडसर. आत एक इवलासा आरसा बसवलेला असतो. बटण दाबलं की तो वर उडतो, प्रकाशाला वाट देतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन टेकतो. हा आवाज त्या उडण्याटेकण्याचा. पंचगंगेवर धुकं उतरलेली निःशब्द सकाळ असो की मंगल कार्यालयात बँडवाल्यांचा कल्लोळ, मला तो कळतोच. कानांना ऐकू आला नाही तर उजव्या गालाच्या हाडाला जाणवतो, आणि त्या हाडाने मला आजवर फसवलेलं नाही.

या आवाजाचं माझ्यावर ऋण आहे, असं म्हटलं तर भावुक वाटेल. त्यापेक्षा, त्याने माझं काम सोपं केलं, असं म्हणते. मी कोल्हापुरात स्टुडिओ टाकला तेव्हा हळदीच्या मांडवात लोक माझ्या पाठीमागे बघायचे. फोटोग्राफर मागून येतोय, ही बाई बॅग घेऊन पुढे आलीय, असा त्यांचा सरळ हिशेब. एका आजोबांनी तर मला पाट देऊन बसवलं आणि विचारलं, "सायेब कवा येणार?" मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि आजोबांवरच बटण दाबलं. खटाक्! सगळा मांडव वळला. त्या एका आवाजाने जे पटवून दिलं ते मी तासभर बोलून पटवू शकले नसते. पुढे कितीतरी वर्षं, नव्या घरात, नव्या माणसांत, मी पहिलं बटण असंच दाबत आले. समोर टिपण्यासारखं काही असो वा नसो.

पण आवाजाचा खरा उपयोग मला फार उशिरा कळला. फोटो काढायचा म्हटलं की माणूस श्वास रोखतो. नवरी ताठ होते, सासऱ्यांची मिशी ताठ होते. आवाज झाला की सगळ्यांना वाटतं, सुटलो. खांदे खाली येतात, ओठ सैल पडतात, डोळ्यांत घरचं काहीतरी परत येतं. मी तेवढ्यात दुसऱ्यांदा बटण दाबते. पहिला फोटो त्यांच्यासाठी, दुसरा माझा. माझ्या अल्बमांतले जे चेहरे लोक वर्षानुवर्षं काढून बघतात, ते सगळे त्या दुसऱ्या आवाजाचे आहेत. मग अशा कॅमेऱ्याला निरोप द्यायचा तो कशासाठी?

कशासाठी, ते माझा नवरा एका वाक्यात सांगतो. तो शिरोली एमआयडीसीत लेथवर असतो. "मशीन झिजलं की आम्ही सायबाला सांगतो, बदला. तू कुणाला सांगणार? तुझी सायेब तूच." गिऱ्हाइकंही आता दाराशीच विचारतात, मिररलेस आहे ना? आरसा नसलेला कॅमेरा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसतं, पण शेजारच्यांच्या लग्नात तो होता एवढं ठाऊक असतं. मी अशा प्रश्नांना हसून पाणी देते. परंतु एक कारण माझं स्वतःचं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला चाळिशी लागली आहे. फोटो काढला की तो नीट आला का हे बघायला मागच्या पडद्यावर डोळे बारीक करायचे, गळ्यातला चष्मा नाकावर चढवायचा, बघायचं, उतरवायचा, पुन्हा कॅमेरा डोळ्याला. तोवर अक्षता पडून गेलेल्या असतात.

राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानदाराने दिवाळीत दोन दिवस नवा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, वापरून बघा, पटला तर जुना आम्हाला द्या आणि हा न्या. तुळशीची लग्नं झाली की आमचा हंगाम उघडतो, त्यामुळे विचार करायला सवड नव्हती. मी स्टुडिओच्या दारात उभी राहून समोरच्या फुलवालीचा फोटो काढला आणि कॅमेरा डोळ्यावरून न हलवता, चष्म्याविना, त्याच बारक्या खिडकीत तो फोटो बघितला. झेंडूची पाकळी न् पाकळी सुटी दिसत होती. मला एकदम कुणीतरी माझे जुने डोळे धुऊन परत आणून दिल्यासारखं वाटलं. फक्त गालाचं हाड वाट बघत राहिलं. काही झालंच नाही. ना खट्, ना टक्. फोटो आला आणि आवाजाचा पत्ता नाही!

खरी परीक्षा पाडव्याला होती. आमच्याकडे पाडव्याला गवळी लोक आपल्या म्हशी नटवतात. भादरून, धुऊन, शिंगं रंगवून, त्यांवर मोरपिसांचे तुरे बांधून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून त्यांना मोटारसायकलीच्या मागे रस्त्यातून पळवतात. ज्याने गवळ्यांचं ऐश्वर्य काळ्या चकाकत्या पाठीवर मिरवलेलं बघितलं नाही, त्याला कोल्हापूरचा अभिमान काय ते समजणार नाही. शनिवार पेठेतल्या तुकाअण्णांची चांदणी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, त्या मिरवणुकीतली मानाची म्हैस. दर पाडव्याला तिचा फोटो मीच काढते, आणि गोठ्याच्या पुढच्या भिंतीवर ते सगळे ओळीने टांगलेले आहेत. प्रत्येकात मान वर, कान पुढे, नजर थेट तुमच्यावर. चांदणीचा हा रुबाब अण्णांना वाटतो त्यांच्या खुराकाचा. मला ठाऊक आहे, तो माझ्या पहिल्या खटाक्‌चा. आवाज झाला की ती मान उचलते, आणि दुसऱ्या बटणाला ती राणी असते.

"अवंदा शेवटची पळणार ही," अण्णा म्हणाले. "वय झालं. फोटो झ्याक येऊ द्या वहिनी, भिंतीवरची ही शेवटची जागा हाय." भिंतीवर खरोखरच एका चौकटीपुरती जागा उरली होती, आणि खिळा आधीच ठोकलेला होता.

मी नवा कॅमेरा उचलला. एक हिरवा चौकोन आपण होऊन चांदणीच्या डोळ्यावर जाऊन बसला, मला शोधावंही लागलं नाही. मी चारपाच फोटो घेतले. चांदणी मान खाली घालून रवंथ करत होती.

"काढा की वो," अण्णा म्हणाले.

"काढले."

"काढले? कवा?"

"आत्ताच की."

"आवाज कुठाय मग?"

"ह्याला आवाज नसतो अण्णा."

"म्हंजे बंद पडलाय." भोवतीची माणसं हसली. "सणासुदीला मुकं मशीन घिऊन आलाय व्हय?"

मी त्यांना फोटो दाखवला. तो इतका स्वच्छ होता की म्हशीच्या पापण्या मोजता आल्या असत्या. अण्णांनी एकदाच बघितलं. "ही माझी चांदणी न्हाय. ही बाजारात इकायला न्हेल्यागत दिसतीया."

खरं होतं. यंत्राने डोळा पकडला होता. डोळ्यात काही नव्हतं. अण्णांनी हाका मारल्या, पण त्यांचा आवाज ती दिवसभर ऐकते, तिने कान हलवायचेही कष्ट घेतले नाहीत. मोटारसायकल सुरू करून चालणार नव्हतं, ती पळायलाच निघाली असती. नव्या कॅमेऱ्यात खोटा आवाज काढायची सोय असते, ती मी सुरू करून बघितली. मोबाईलसारखं काहीतरी टिच् झालं. चांदणीने शेपटीने माशी वारली. मी ती सोय बंद केली.

आता जुना काढायचा आणि नेहमीसारखं उरकायचं, हे उघड होतं. मी बॅगेत हात घातलाही. पण परत तो मागचा पडदा बघायचा, चष्मा चढवायचा, उतरवायचा. आणि अण्णांची ती शेवटची चौकट. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा विचार केला, की आवाज आणि फोटो एकाच हातून व्हायला हवेत असं कुणी ठरवलं आहे? मी जुना कॅमेरा अण्णांच्या गळ्यात घातला. त्यांचं बोट बटणावर ठेवलं. "मी मान हलवली की हे दाबायचं. बाकी काही करायचं नाही."

अण्णांनी फेटा सारखा केला, पाय फाकून उभे राहिले आणि माझ्या इशाऱ्यावर असं बटण दाबलं की जणू तोफ डागतायत. खटाक्! चांदणीची मान उठली, कान पुढे आले, मोरपिसं थरारून उभी राहिली आणि तिने जगाकडे बघितलं, जसं फक्त तीच बघू शकते. त्या वेळात मी सात-आठ फोटो घेऊन मोकळी झाले होते. त्यांतला एकही कुणाला ऐकू आला नाही. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या, त्या अण्णांसाठी.

मग मिरवणूक निघाली, चांदणी शेवटची पळाली आणि चांगली पळाली, आणि वाटेवर भेटेल त्या प्रत्येकाला अण्णा सांगत राहिले, "अवंदा फोटो म्या काढला. आवाज कसा निघाला, इचारा ह्यांना." माझ्याकडे बोट. लोक माझ्याकडे बघून कौतुकाने माना हलवत, शिकवलंत हं अण्णांना! दहा वर्षांपूर्वी मी भर रस्त्यात दोन्ही कॅमेऱ्यांचे पडदे दाखवले असते, कुणाचा फोटो आणि कुणाचा नुसता आवाज ते. माझं तोंड उघडलंही. आणि मला जाणवलं की सांगायची गरज उरलेली नाही. मांडवातल्या त्या आजोबांना जे पटवायचं होतं ते केव्हाच पटवून झालं आहे. मीच तेवढी सवयीने पटवत राहिले होते. माणूस आपल्या कामावर विसंबायला लागला, की पुराव्याचं ओझं किती अलगद खांद्यावरून उतरतं! मी तोंड मिटलं आणि रस्त्यात मिळालेला पेढा खाल्ला.

फोटो चौकटीत बसवून तयार झाला तेव्हा तो न्यायला अण्णांच्या घरच्या, शालनकाकू, आल्या. त्या फारशा बोलत नाहीत. चौकट दोन्ही हातांनी धरून त्यांनी बघितली, मग पदराने काचेवरचा नसलेला डाग पुसला.

"ह्यांनीच काढला म्हणत सुटल्यात गावभर," त्या म्हणाल्या.

"आवाज त्यांनीच केला काकू. खोटं नाही सांगत ते."

"आवाज घरातबी तेच करत्यात," काकू म्हणाल्या. "धारंला मी बसती."

आम्ही दोघी हसलो. फार नाही, दोघींनाही कामं होती.

त्याच संध्याकाळी मी राजारामपुरीत जाऊन नवा कॅमेरा घेतला. जुना द्यायला नकार दिला तेव्हा दुकानदार म्हणाला, पडून राहील, काय करणार त्याचं? मी म्हटलं, तो म्हशीला हाक मारतो. त्याला ते कळलं नाही, आणि मी समजावतही बसले नाही. चांदणीची रेडी दोन वर्षांची आहे. पुढच्या पाडव्याला तिला मिरवणुकीत न्यायची असं अण्णांनी ठरवलं आहे, आणि भिंतीची दुसरी बाजू झाडून घेतली आहे. बटण दाबणारा माणूस कोण हेही त्यांनी ठरवलेलं आहे. ते मला विचारणार नाहीत. जुना कॅमेरा तोवर स्टुडिओत खुंटीला लटकतो.

आता लग्नाच्या मांडवात मी शांत असते. नवरी ताठ होते, श्वास रोखते, खटाक्‌ची वाट बघते. तो येत नाही. वाट बघून बघून ती कंटाळते, खांदे सोडते, आणि चेहरा घरचा होतो. पहिला फोटो काढावाच लागत नाही. दुसराच थेट मिळतो. गालाचं हाड अजून कधीकधी चुकून वाट बघतं. परवा एका नवरीने मुंडावळ्या बाजूला करत विचारलं, "काढला?"

"काढला," मी म्हटलं.

तिने पडदा बघायला मागितला नाही. मागे वळून करवलीला म्हणाली, "चल गं, झाला फोटो."