चुकीची उत्तरं लिहिणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टरना बरोबर उत्तराचं फारसं कौतुक नव्हतं. ते पुस्तकात सापडतं, त्यात काय एवढं, असं त्यांचं मत. त्यांचा सगळा जीव चुकीच्या उत्तरांत. नर्सिंगच्या परीक्षांसाठी सराव प्रश्नांची पुस्तकं त्या लिहीत. एका प्रश्नाखाली चार पर्याय, त्यांतला एक बरोबर. उरलेल्या तिन्हींसाठी त्या दुपारच्या दुपारी घालवत. मी एकदा वैतागून म्हटलं, चुकीचंच तर लिहायचंय, काहीतरी टाकून द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर उत्तर कोणय लिवता. चुकीचा उत्तर लिवक माया होयी."

मालवणच्या बाजारात माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, ग्रामपंचायतीचे अर्ज, असली कामं. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने त्यांना पुस्तक लिहायला सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. अक्षर इतकं वाईट, की औषधवालाच वाचू जाणे. शेवटी त्यांनी सांगायचं आणि मी लॅपटॉपवर उतरवायचं असं ठरलं. दुपारी दुकान बंद केलं की मी वायरीला त्यांच्या घरी जायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची विधवा भावजय, म्हणजे आमच्या वहिनी. माडांच्या सावल्या पडवीवर सरकत यायच्या, पलीकडून समुद्राची गाज, आणि वहिनींच्या चुलीवर काहीतरी शिजत असायचं. त्या पडवीत घड्याळ होतं, पण ते बंद होतं आणि कुणाला त्याची पडली नव्हती.

सिस्टर आरामखुर्चीत डोळे मिटून बसत. पहिल्या दिवशी मला वाटलं, झोपल्या. मी घसा खाकरला, तर त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. पेशंट आल्याशिवाय प्रश्न लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "इलो."

मी विचारलं, कोण?

"म्हातारो. तेका दम लागता. पायरेर बसलोहा."

मी खरंच पायरीकडे पाहिलं. तिथे फक्त ऊन होतं. पण सिस्टरना तो दिसत होता. त्याचा सदरा उलटा होता, कारण घाईत घातलेला. सून बरोबर आली होती आणि तिच्या हाताला पिठाचा वास येत होता. सून म्हणत होती, जरा आडवे पडा, बरं वाटेल. झालं, तिथेच चुकीचा पर्याय मिळाला: रुग्णास आडवे झोपवावे. दम लागलेल्या माणसाला उशांना टेकवून बसवायचं असतं. पण थकलेलं माणूस बघितलं की आपल्या हातून त्याला आडवंच केलं जातं. सिस्टरचे सगळे चुकीचे पर्याय असेच मिळालेले. तापलेल्या पोराला गोधडीत गुंडाळणारी आई, फिट आलेल्याला कांदा हुंगवणारा शेजारी, ऑपरेशनच्या आधी गुपचूप चहा पाजणारी बहीण. आयुष्यभर वॉर्डात ज्यांच्यावर त्या ओरडल्या, त्या सगळ्यांना त्यांनी पुस्तकात मानाने आणून बसवलं होतं.

पर्याय जमला की नाही, ते वहिनींच्या मंडळात ठरायचं. उन्हाळ्यात मागच्या खळ्यात आमसुलांसाठी रातांबे फोडायला शेजारच्या बायका जमत. सिस्टर तिथे जाऊन प्रश्न वाचून दाखवत. सगळ्याजणी बरोबर उत्तरावर आल्या तर सिस्टरचं तोंड पडायचं. दोघीतिघी चुकल्या, भांडल्या, आपली चूक रातांब्याच्या लाल हातांनी पटवून द्यायला लागल्या, की त्या खूश होऊन परत यायच्या आणि मला सांगायच्या, ठेव तो पर्याय. एकदा मी म्हटलं, मुलींना असं फसवायचं कशाला? तर म्हणाल्या, "परीक्षेत चुकांदेत गो. वॉर्डात चुकूक नको."

पुढचं काम मात्र रूक्ष. प्रकाशकाचा एक माणूस फोनवरून आमच्या मानगुटीवर बसलेला. चारही पर्याय लांबीला सारखे हवेत, हा त्याचा हट्ट. बरोबर उत्तर लिहिणारा ते सांभाळून लिहितो, म्हणून ते हमखास लांब होतं. क्लासमध्ये पोरं हे शिकतात आणि न वाचता खूण करतात. मग आम्ही पर्याय कापत, ओढत, ठोकून सारखे करत बसायचो. तो माणूस सदरा आणि पिठाचे हात काढून टाकायचा. छापून यायचं ते 'साठ वर्षे वयाचा पुरुष रुग्ण'. मला फार वाईट वाटायचं. सिस्टरना नाही वाटायचं. तो म्हातारा आता कुठे आहे म्हणून विचारलं, तर शांतपणे सांगायच्या, घराक गेलो, बरो आसा.

आकृत्यांसाठी त्यांनी पिंगुळीचा एक चित्रकार गाठला होता, चित्रं दाखवून राजाराण्यांच्या पुराणकथा सांगणाऱ्या चित्रकथी घराण्यातला. त्याने काढलेला दमेकरी राजा उशांना टेकून बसला होता, टपोरा डोळा, गळ्यात कंठा. प्रकाशकाने सगळं परत पाठवलं. एकच चित्र छापलं गेलं, हात धुण्याचं. ते हात कुठल्यातरी राणीचे आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सिस्टरनी त्यांतल्या बांगड्या तेवढ्या पुसायला लावल्या होत्या.

मग नवीन आवृत्ती निघाली. अभ्यासक्रमात एक प्रकरण वाढलं होतं, मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा. प्रकाशकाचा फोन आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात कोण मरूचो नाय." मला हसू आलं, त्यांना आलं नाही. बाकीची सगळी प्रकरणं झाली, हे एक होईना. त्याच्याशिवाय पुस्तक छापायला जाणार नव्हतं, आणि या प्रकरणासाठी दुसरा कुणी लेखक बघतो असं तो माणूस म्हणायला लागला. दुसऱ्याने लिहिलेलं त्यांना चालणार नव्हतं. त्या रोज डोळे मिटून बसायच्या. ऊन पायरीवरून उतरून जायचं. मग डोळे उघडून म्हणायच्या, "येणा नाय गो कोण."

एकदा मी जरा चिडूनच विचारलं, की इतकी माणसं तुमच्या हातावर गेली, त्यांतलं एक आठवत नाही? त्या म्हणाल्या, आठवतात सगळी. अडचण वेगळीच होती. "थंय बरोबर उत्तर खूप ल्हान आसा. बाकीची सगळी मोठी जातत." मला वाटलं, नेहमीचा कापाकापीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, बघू, ओढून लांब करू.

त्या पावसाळ्यानंतर त्यांना काविळीसारखं झालं. तपासण्या झाल्या, डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा सिस्टरनीच कागद मागून घेतला, वाचला आणि घरी चला म्हणाल्या. आरामखुर्चीच्या जागी पडवीत खाट आली. मी दुपारची जातच राहिले. प्रकाशकाला मी सांगून ठेवलं होतं, थांबा म्हणून. लॅपटॉप उघडायची, नुसता.

हळूहळू त्यांचं खाणं सुटलं. वहिनी रडायच्या आणि मी वाडगा घेऊन बसायची. उकड्या तांदळाची मऊ पेज, वर मिठाचा खडा. एवढी पुस्तकं टाईप केली मी, मला काय करायचं नसतं ते पाठ होतं. तरी हात थांबत नव्हता. एक घोट घ्या, आज एकच, उद्या नाही म्हणणार. त्या मान फिरवायच्या आणि मी चमचा घेऊन दुसऱ्या बाजूला जायची. मला त्या हव्या होत्या, बस्स. दुसरं काही कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी त्यांनी मान फिरवली नाही. डोळे मिटलेले होते. ओठ हलले.

"इली."

मी चमचा तसाच धरून विचारलं, कोण?

"सत्तरेतली. पडवेर निजली हा. खावक नको म्हणता. लिव."

मी वाडगा खाली ठेवला आणि लिहायला घेतलं. त्या थांबत थांबत सांगत होत्या, पण भाषा पुस्तकातली, स्वच्छ. मुलींनो, अशा वेळी तुम्ही काय कराल? अ, रुग्णास पुन्हा मोठ्या रुग्णालयात हलवावे. ब, सर्व काही ठीक होईल असे सांगत राहावे. क, जवळ बसावे. ड, आग्रह करून थोडी थोडी पेज भरवत राहावे.

ड लिहिताना मला स्क्रीन दिसेनाशी झाली. त्यांना ते कळलं असावं. थोडं हसल्या. मी नाक पुसलं आणि उगाच कामाचं बोलले, की क फार लहान झालंय. ओठ ओलसर ठेवावेत, हात हातात घ्यावा, असं काही घालू का? त्यांनी नको म्हणून मान हलवली. ते सगळं पुढच्या प्रश्नांत येईल, हा असाच राहू दे, म्हणाल्या. मग वाडग्याकडे बोट केलं.

"आण तो चमचो. चुकीचा आसा, पण तुझा आसा."

त्यांनी एक चमचा पेज घेतली. माझ्यासाठी घेतली. त्यानंतर मी आग्रह केला नाही. पुढच्या दुपारी त्यांनी उरलेले प्रश्न सांगितले, आणि मग सांगायचं काही राहिलं नाही तेव्हा मी लॅपटॉप दुकानातच ठेवून जाऊ लागले. वहिनी पायांशी, मी उशाशी. माडांच्या सावल्या यायच्या, जायच्या. सिस्टर अशाच एका उतरत्या उन्हात गेल्या. आम्ही दोघी तिथेच होतो.

नंतर प्रूफं आली. प्रकाशकाच्या त्या माणसाचा फोन आला. सिस्टर गेल्याचं त्याला कळलं होतं, तो नीट बोलला, वाईट वाटलं म्हणाला. मग जरा अडखळत कामाकडे वळला. शेवटच्या प्रकरणात एका ठिकाणी क पर्याय फारच आखूड राहिलाय, बाकीचे केवढे लांब. बघताक्षणी मुली बरोबर उत्तर ओळखतील.

मी म्हटलं, ओळखू देत.