भिंतीतला बेस

सानपाड्याच्या घरात राहायला गेलो त्या वर्षी नवऱ्याने कंबरेइतके उंच स्पीकर आणले. हॉलमध्ये आधीच सोफा आणि माणूस एकदम मावत नव्हते, त्यात हे दोन पाहुणे. गाणी छान वाजायची, पण ह्यांचं तोंड वाकडंच. "बेस नाही गं. पोकळ वाटतं."

मग मला वेठीस धरणं सुरू झालं. स्पीकरखाली कडाप्प्याच्या लाद्या आल्या. मागच्या भोकात मोजे कोंबून झाले. एका रविवारी दुपारी तर बेस कुठे जमतोय ते शोधत हे जमिनीला कान लावून हॉलभर रांगत होते. शेवटी दोन्ही स्पीकर शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी सरकवले, आणि थोड्या वेळाने आवाजात काहीतरी भरलं. खोल, जड. धप्प.

"आला!" हे ओरडले.

मी त्याच भिंतीला टेकून लसूण सोलत होते. तो धप्पा माझ्या पाठीत लागायचा आणि मला तो मुळीच आवडला नाही. ठेक्याशी त्याचं जमत नव्हतं. दम लागल्यासारखा मधेच थांबायचा, मग पुन्हा यायचा. एकदा तर गाणं संपून सगळी वाद्यं गप्प झाल्यावर आला.

"अहो, हा गाण्यातला नाही," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" धप्पा आला की हे खूश होऊन आवाज आणखी वाढवायचे.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. गाणं अर्ध्यात तुटलं.

धप्प.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. ह्यांनी स्पीकरवर हात ठेवला, मग भिंतीवर. पुन्हा आला, आता अगदी हळू. ह्यांनी चटका बसल्यासारखा भिंतीवरचा हात काढला.

पलीकडे साताऱ्याकडचे एक मामा राहायचे, मार्केटात जन्मभर पोती वाहिलेले. मामी गावी गेल्या होत्या. त्यांची एक चावी आमच्याकडे असायची. मी दार उघडलं तर मामा भिंतीशी आडवे, पाय भलतीकडेच वळलेला, हातात पितळी तांब्या. मोरीत घसरून पडले होते आणि तिथपासून भिंतीपर्यंत सरपटत आले होते.

पुढे हाड जुळलं, मामा काठी घेऊन हिंडायलाही लागले. पण त्या दुपारी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून खाली नेताना ह्यांना राहवलं नाही. "मामा, हाक का नाही मारलीत?"

"मारली की. गान्यात कुटं ऐकू जातीया?" मामा रागावलेसुद्धा नव्हते. "मग तांब्या वाजवला. मी वाजवला, का तुमी आवाज वाढवायचा. म्हनलं, ऐकू तर जातंय ह्यास्नी."