तारेनं आलेलं आजारपण

अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच सुमारास आमचे हे माणसांचं ऐकेनासे झाले. हे कापसाचे दलाल. पूर्वी आभाळाकडे बघून, सरकी दाताखाली फोडून सौदा ठरवत. मग तारकचेरी निघाली. मुंबईची तार आली की ताटावरून उठून धावायचे, नाही आली की डोक्याला हात लावून बसायचे. सासूबाई म्हणायच्या, देव दारात आला तरी हा आधी विचारेल, तार केली होती का.

मला अकोल्याला माहेरी जायचं होतं. दोन वर्षं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. रीतीप्रमाणे भाऊ मुऱ्हाळी होऊन मला न्यायला आला, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा मी जाऊ द्या म्हणाले, दोन्ही वेळा यांनी त्याला पुरणपोळी खाऊ घातली आणि हंगाम संपू द्या म्हणून एकट्यालाच परत पाठवलं. दुसऱ्या वेळी माझं डोकंच फिरलं. भाऊ निघताना त्याला मी एक युक्ती सांगून ठेवली.

आठव्या दिवशी तार आली: आई फार आजारी, लेकीला पाठवा. तारबाबूनं वाचून दाखवली तसा यांचा चेहरा उतरला. तासाभरात बैलांची दमणी दारात उभी; हे बाजारासाठी मागे राहिले. एवढं खोटं तोंडानं बोलायचं असतं तर माझी जीभ अडखळली असती. तारेनं बोलले, म्हणून ते जणू माझं नव्हतंच. दमणीत मी चक्क गाणी म्हटली.

अकोल्याला आई अंगणात तूर पाखडत होती. झाली गोष्ट ऐकून ती दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी दारात हे उभे, ऐन हंगामात बाजार टाकून, सोबत अमरावतीचे वैद्यबुवा. भावानं घाईघाईनं आत जाऊन आईच्या हातातलं सूप काढून तिला गोधडीत निजवलं. वैद्यबुवा नाडी धरून बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. यांचे पाय धुळीनं भरलेले, ओठ सुकलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आईनंच गोधडी बाजूला सारली. "मले काई झालं नाही, जावईबापू. लेक दिसत नव्हती, थेच दुखत होतं."

हे माझ्याकडे वळले. "मंग तोंडानं सांगाचं होतं."

"दोनदा सांगतलं," मी म्हणाले. "तुमाले आयकू आलं नाही."

हे वैद्यबुवांना परत पाठवून स्वतः आठ दिवस राहिले. अकोल्याची तारकचेरी दोन गल्ल्या सोडून होती. तिकडे एकदाही फिरकले नाहीत, फक्त जेवताना कान तिकडे असायचे.