ताईला माझा आवाज जात नव्हता

ताई धारणीच्या पुढे एका गावात आश्रमशाळेवर शिकवते. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून आम्ही दोघांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी सेटवर बोलण्याचा, परवाना काढला. रोज संध्याकाळी ती तिकडून आणि मी अमरावतीहून, असे बोलायचो.

मागच्या पावसाळ्यात वादळाने विजेची लाइन सारखी जात होती. शाळेला सुट्टी होती, ताई खोलीवर एकटीच. ती सांगत होती, "ताप उतरूनच नाही राहिला रे. उभं राहिलं की..." तेवढ्यात गेलेली लाइन एकदम जोरात आली, चार्जिंगला लावलेल्या माझ्या सेटमधून जळका वास आला आणि आवाज बंद पडला. नवा, तळहाताएवढा सेट, हौसेने घेतलेला. आत सगळं एकाच बोर्डावर चिकटवलेलं. अमरावतीत कोणी त्याला हात लावेना. धारणीला फोन लागेना, बस बंद, घाटात झाडं पडलेली. जीपवाल्यांच्या मी हातापाया पडलो. कोणीच तयार झालं नाही.

माळ्यावर माझा जुना, जड सेट होता. त्यावर ऐकू यायचं, पण आपलं बोलणं पलीकडे जायचं नाही. तो पोत्यात घालून मी अकोल्याला गेलो. तिथले भाईजान सायकलच्या सामानाचे व्यापारी, माझ्यासारखेच रेडिओवेडे. लाइन तिथेही नव्हती. आम्ही सेट त्यांच्या गाडीच्या बॅटरीवर लावला, गच्चीवरची तार जोडली. खरखरीतून ताई ऐकू आली.

"कोणी ऐकून राहिलं का? मले उठता येऊन नाही राहिलं. कोणी आहे का?"

मी माइक दाबून ओरडत सुटलो. तिला काहीच जात नव्हतं. ती पुन्हा तेच विचारत होती, आणि आवाज बारीक होत चालला होता. मला रडू फुटलं.

"भाऊ, रडू नका. झाकण खोला," भाईजान म्हणाले.

स्क्रू काढले. आवाज पुढे पाठवणारा छोटा भाग, एक ट्रान्झिस्टर, जळाला होता. तसाच एक त्यांच्या मोडक्या सेटमधून काढला. सोल्डरिंगसाठी, म्हणजे जोड डाखायला, तांब्याची सळई गॅसवर तापवली. ती सारखी गार व्हायची, मी पुन्हा तापवायचो. जोडून झालं तेव्हा पलीकडे नुसती खरखर होती. मी हाका मारत राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काहून बोलून नाही राहिला रे तू? मले वाटलं, तूही सोडून गेला."

भाईजान मघापासून धारणीच्या दवाखान्यात फोन लावत होते, तो आता लागला. दवाखान्याची गाडी नाल्यापर्यंतच गेली. तिथून माणसं कमरेएवढ्या पाण्यातून गेली आणि तिला खाटेवर घालून घेऊन आली. ताई वाचली. डोक्यात गेलेल्या मलेरियाने एक कान मात्र कायमचा नेला.

दिवाळीनंतर ती परत शाळेवर निघाली. मी नको नको म्हणत होतो. तिचाही सेट न खुलणारा होता; तिच्यासाठी दुसरा घ्यायला गेलो तेव्हा आधी झाकण उघडून दाखवायला सांगितलं. "हे खुलत नाही," दुकानदार म्हणाला. मी तसाच बाहेर पडलो. शेवटी भाईजानांच्या ओळखीने स्क्रूने खुलणारा, वापरलेला सेट मिळाला. सोबत जास्तीचे ट्रान्झिस्टर आणि बॅटरी दिली.

आता ती पहिल्या हाकेला क्वचितच ओ देते. तेवढा वेळ मला श्वास घेता येत नाही.