पान चिकटलं त्या पोटरीला

लुदिंग बायकांच्या अवघडलेल्या कंबरा मोकळ्या करायची, पुरुषांचे मुरगळलेले घोटे बसवायची आणि चोळता चोळता दोघांनाही टोमणे मारायची. फिलिपिन्समधल्या केसोन प्रांताच्या नारळीच्या मुलखात तिच्या वाडीला डॉक्टर नव्हता, लुदिंग होती. रीत वडिलांची. केळीच्या पानाचा तुकडा शेकायचा, खोबरेल लावून अंगावरून ओढायचा. चिकटला की तिथेच दुखणं, तिथेच अंगठा. वडिलांचा आणखी एक नियम तिने चाळीस वर्षं पाळला होता. दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, नाहीतर हाताचा गुण जातो.

जेनलिन रियाधच्या नोकरीवरून सुटीला आली आणि तिसऱ्या दिवशी आईबरोबर लंगडत तिच्या दारात उभी राहिली. बाप्तिस्म्याला तिला कडेवर घेणारी लुदिंगच, म्हणून जेनलिन तिला निनांग, म्हणजे धर्ममाता, म्हणायची.

"निनांग, डावी पोटरी दाबून द्या ना. विमानात नऊ तास, मग बसमध्ये पाच. जागची हलले नाही."

"शेजारी कुणी देखणा बसला असेल."

"म्हातारा होता. घोरत होता."

लुदिंगने पान ओढलं. उजव्या पायावरून सुळकन गेलं. डाव्या पोटरीवर घट्ट चिकटलं.

"सापडलं बघ," जेनलिनची आई ओरेंग म्हणाली. "लाव अंगठा."

लुदिंगने हलकेच हाताची मागची बाजू लावून पाहिली. पोटरी कढत होती, उजवीपेक्षा चांगली जाड. मागल्या वर्षी आरोग्य केंद्रातल्या नर्सने सगळ्या चोळणाऱ्यांना बसवून सांगितलं होतं. गरोदर बाईचं पोट, गळ्याची पुढची बाजू, ताजा मार, इथे जोर लावायचा नाही. आणि लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजून गरम झाला तर तो अजिबात चोळायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाते, माणूस दगावतो. लुदिंग तेव्हा मागे बसून शेंगदाणे खात होती. पण ऐकलं होतं.

"मी नाही चोळणार. शहरातल्या दवाखान्यात चला. आत्ता."

"पान चिकटलंय तरी?"

"गरम जागी पान चिकटणारच. आत काय आहे ते पानाला काय कळतंय?"

"तुझ्या बापाने कधी कुणाला परत पाठवलं नाही. हाताचा गुण जाईल, लुदिंग."

"जाऊ दे. पोर जायला नको."

"थकलीस असं सरळ सांग ना. पलीकडच्या वाडीतला इस्को चोळेल."

"चोळेल. म्हणून तर मी तुमच्याबरोबर येतेय," म्हणत लुदिंगने पायात चपला सरकवल्या आणि जाणारी ट्रायसिकल रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायावर मशीन फिरवलं. गुठळी होती, गुडघ्यामागच्या शिरेत. चोळलं नाहीत हे बरं केलंत, म्हणाल्या. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, निदान तीन महिने घ्यायची. जेनलिनला ठेवून घेतलं.

बाहेर बाकावर ओरेंग लुदिंगकडे सरकली.

"उजवा पाय तरी चोळशील ना तिचा?"

"डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत दोन्ही नाही."

"आणि माझे खांदे? सकाळपासून दगड झालेत."

"ताप आहे? कुठे पडलीबिडलीस?"

"नाही गं बाई."

"मग फीर तिकडे," लुदिंग म्हणाली.