अमेरिकेच्या साहेबाला पोलादपूरहून पत्र

लग्न होऊन मी पोलादपूरला आले तेव्हा माझे सासरे फौजेतून घरी येऊन बरीच वर्षं झाली होती. गावात त्यांना सगळे हवालदार म्हणत, घरात आम्ही आबा म्हणायचो. माझे यजमान मुंबईला नोकरीला होते आणि मी इथल्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आबा, सासूबाई आणि मी. आबा बोलायचे ते भाताबद्दल, गुरांबद्दल, बांध फुटल्याबद्दल. लढाईबद्दल कधीच नाही. त्यांची पलटण इटलीत होती एवढं मला माहीत होतं. आणि सासूबाईंचा धाकटा भाऊ त्याच पलटणीत होता आणि तो परत आला नाही, हेही माहीत होतं. तेही मला शेजारणीनं सांगितलं होतं.

पेपर महाडहून एसटीने यायचा, एक दिवस शिळा. आबांना वाचता येत होतं, पण बारीक अक्षर लागायचं नाही. शाळेतून आले की चहा घेऊन मी ओटीवर बसायची आणि त्यांना पेपर वाचून दाखवायची. सुरुवातीला मला सासऱ्यांसमोर बसून वाचायचा संकोच वाटायचा. ते मान खाली घालून, डोळे मिटून ऐकायचे. झोपले असतील म्हणून मी थांबले की म्हणायचे, "वाच गो, जागा हाय मी."

त्या वर्षीच्या श्रावणात व्हिएतनामची बातमी रोज असायची. अमेरिकेनं तिकडे विमानं धाडली होती आणि आता मोठी लढाई होणार असं दिसत होतं. एका दिवशी बातमी होती, की तिथल्या सेनेटमध्ये अध्यक्षांना लढाई वाढवायची मोकळीक देणारा ठराव आला. जवळजवळ सगळ्यांनी होकार दिला. फक्त दोघांनी विरोध केला. त्यातल्या एका सभासदाबद्दल चार ओळी जास्त दिल्या होत्या. आपली पोरं परक्या देशातल्या परक्या भांडणात घालू नका, एकदा घातलीत तर मागे फिरता येणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला होता.

आबांनी डोळे उघडले.

"किती जण उलट गेले म्हणालीस?"

"दोघंच, आबा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे सगळे एका बाजूला."

त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग परत दिला. "परत वाच." मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग म्हणाले, "तुला इंग्रजी येते ना? त्याला एक पत्र लिहायचा हाय."

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते मी गिळलं.

रविवारी दुपारी आम्ही लिहायला बसलो. मी शाळेतून डिक्शनरी आणली होती. सासूबाई आत चुलीपाशी फणसाच्या आठळ्या भाजत होत्या, त्यांचा वास ओटीवर येत होता. आधी कच्चं मराठीत लिहून घेते, मग इंग्रजी करते, असं मी म्हटलं. आबांनी घसा साफ केला आणि हुकूम सोडल्यासारखे सांगू लागले. मी अमुक गावचा, इतकी वर्षं फौजेत होतो, तुमचं भाषण वाचलं, तुम्ही बोललात ते बरोबर आहे. चार वाक्यांत पत्र संपलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढाच." मग म्हणाले, "'आणखी' याला इंग्रजीत काय बोलतात?"

"मोर."

"हां. आमचा साहेब तोच बोलायचा. मोर मेन." त्यांचा आवाज बदलला. "लिही. त्याला सांग, का आमच्याकडे पण असाच झाला. एक नदी होती. आपल्या सावित्रीएवढी पण नाय. पलीकडच्या काठावर जर्मन. पहिल्यांदा बोलले, वीस माणसं गेली का काम होईल. नाय झाला. मग आणखी वीस. मग बोलले, आता एवढे गेले तर मागं कसं यायचं, आणखी दहा द्या. दर वेळेला आणखी. जे मेले त्यांच्यासाठी आणखी."

मी लिहीत होते. आतला चिमट्याचा आवाज थांबला होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"ती शेवटची दहा माणसं मला निवडायला सांगितली," आबा म्हणाले. "बाकीची सगळी भिजून, थकून पडलेली. ज्यांना आदल्या दिवशी विश्रांती मिळाली होती तीच निवडली. त्यात आमचा मेव्हणा होता. एकोणीस वर्सांचा. मीच त्याचा नाव घेतला."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांचे हात राखेने माखलेले होते आणि ते त्यांनी अंगापासून दूर धरले होते. आबांची पाठ दाराकडे होती. मी लेखणी खाली ठेवली तसं आबांनी वळून बघितलं.

मग सासूबाई येऊन खांबाला टेकून बसल्या. नवऱ्याच्या समोर असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तार आली तेव्हा तर जागच्या जागी गेला असा लिहिला होता," त्या म्हणाल्या.

"तारेत तसाच लिहितात."

"मग?"

"दुपारपर्यंत होता. मी त्याला खांद्यावर घालून मागं आणला. माझ्याच मांडीवर गेला."

"काय बोलला?"

पन्हाळीचं पाणी पडत होतं तिकडे आबा बघत राहिले. "पाणी मागितला. पाजला. मग बोलला, दाजी, मला लई दुखला ते आक्काला सांगू नका."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या रडतील असं मला वाटलं, आणि रडल्याही असतील, पण आवाज आला नाही. पदर खाली आला तेव्हा त्या आबांकडे बघत होत्या. त्या नजरेत राग असेल म्हणून मी घाबरले होते. राग नव्हता.

"आणि तुम्ही वीस वर्सं त्याचा ऐकलात," त्या म्हणाल्या.

आबांची हनुवटी हलायला लागली. सासूबाई उठल्या, आत गेल्या, हात धुऊन आल्या, आणि भाजलेल्या आठळ्यांची टोपली त्यांच्यासमोर ठेवून एकेक सोलून त्यांच्या हातावर देऊ लागल्या, लहान मुलाला देतात तशा. ते मुकाट्याने खात होते. मी उठून जाणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "बस गो. पत्र पुरं कर."

"हे सगळं घालू?" मी विचारलं.

"सगळा घाल," त्या म्हणाल्या. "त्या साहेबाला पण भैनी असतील."

इंग्रजी करायला मला चार दिवस लागले. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, व्याकरणाच्या चुका निश्चितच झाल्या असतील. 'मांडीवर गेला' हे कसं लिहावं यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि शेवटी साध्या शब्दांत लिहिलं, की तो मेला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. परदेशी पाठवायचं निळं पत्र आमच्या पोस्टात नव्हतंच, ते महाडहून मागवावं लागलं. पोस्टमास्तरांनी पत्ता वाचला आणि चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाले, "बाई, रस्ता, घर नंबर काहीच नाही?" मी म्हटलं, "नाव, सेनेट आणि वॉशिंग्टन. एवढ्यावर पोचेल." त्यांनी मान हलवली, पण शिक्का मात्र नीट, हळुवारपणे मारला.

त्यानंतर पेपर वाचायला आम्ही तिघं बसू लागलो. सासूबाईंना बातम्यांत रस नव्हता. त्या तांदूळ निवडत बसायच्या आणि मधेच विचारायच्या, "त्या दोघांचा काय झाला?" त्या दोघांची बातमी क्वचितच असायची. लढाईची मात्र रोज असायची. थंडी सरता सरता तिकडे पायदळ उतरलं. मी तो मथळा वाचला तेव्हा आबा फक्त "आणखी" एवढंच म्हणाले.

शिमग्याच्या थोडं आधी उत्तर आलं. पोस्टमन शाळेतच घेऊन आला आणि वर्गातली पोरं तिकीट बघायला टेबलाभोवती जमली. मी ते न फोडता घरी नेलं. पत्र टाइप केलेलं होतं, अर्धं पान. त्या सभासदानं लिहिलं होतं की पत्र मी दोनदा वाचलं आणि माझ्या पत्नीलाही वाचायला दिलं. लढाई मला थांबवता आली नाही याचं दुःख आहे, पण मी बोलायचं थांबणार नाही. तुमच्या मेव्हण्याच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

मी मराठी करून सांगितलं. सासूबाईंनी शेवटचं वाक्य पुन्हा विचारलं.

"मला?"

"तुम्हालाच, आई."

त्या उगाच डोक्यावरचा पदर नीट करू लागल्या.

आबा म्हणाले, "हरला बिचारा. पण उभा राहिला. सगळे बसलेले असताना एकट्यादुकट्यानं उभा राहाणं मला नाय जमला. साहेब दहा बोलला आणि मी दहा दिले. नाय बोललो असतो तर काय, हातावरच्या पट्ट्या काढल्या असत्यान."

"दुसऱ्या कोणी तरी दिले असते ते दहा," सासूबाई म्हणाल्या.

"दिले असते. पण मी नसते दिले."

सासूबाई पत्राची घडी घालत म्हणाल्या, "तुडीलला जाऊया. दादाला पण सांगायला पायजे. त्याचा पण भाऊ होता."

तुडील म्हणजे सासूबाईंचं माहेर. लढाईवरून आल्यापासून आबांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, काही ना काही कारण काढून टाळलं होतं. या वेळेला त्यांनी कारण काढलं नाही. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी स्वच्छ धोतर, काळा कोट आणि टोपी घालून ते एसटीत चढले. बाजूला सासूबाई, मांडीवर नारळांची पिशवी. मला शाळा होती म्हणून मी गेले नाही.

दोन दिवसांनी येतो म्हणालेली माणसं पाचव्या दिवशी आली. सासूबाई उन्हानं काळवंडल्या होत्या आणि त्यांचा घसा बसला होता. मी पाणी दिलं आणि विचारलं, "काय म्हणाले दादा?"

"दादा काय बोलणार? पयला दिवस रडण्यात गेला. यांच्या गळ्यात पडून रडला." त्या पायरीवर बसल्या आणि पाय चोळू लागल्या. "मग चार दिवस नुस्त्या त्याच्याच गोष्टी. गो, तो लहान असताना भरतीच्या पाण्यात म्हशीच्या शेपटाला धरून सावित्री पार करायचा. एकदा म्हैस त्याला तिकडं सोडून परत आली आणि हा पलीकडच्या काठावर उघडा, कपडे हिकडं!"

त्या हसू लागल्या. आत कोट काढून ठेवणारे आबा बाहेर आले आणि म्हणाले, "आणि केळीचा पान गुंडाळून होडीतनं घरी आला, ते सांग."

"सांगतेय ना," सासूबाई म्हणाल्या, "मला सांगू दे की."